कंपनीचे नाव अधिकृतपणे कसे बदलतात? ठरावापासून नव्या प्रमाणपत्रापर्यंतची प्रक्रिया

बीड जिल्ह्यातील श्री क्षेत्र नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान. ‘धाकटी पंढरी’ म्हणून ते मराठवाड्यात ओळखले जाते. अशा श्रद्धास्थानाचे नाव आपल्या दुकानाला, संस्थेला किंवा कंपनीला असावे असे परिसरातल्या लोकांना वाटणे स्वाभाविक आहे. दुकानाची पाटी एका दिवसात बदलता येते. कंपनीचे मात्र तसे नाही. लिमिटेड कंपनीचे नाव हा तिच्या नोंदणीचा भाग असतो आणि ते बदलण्याची पद्धत कंपनी कायदा, २०१३ मध्ये ठरवून दिलेली आहे.

उदाहरण म्हणून नारायणगडाच्या परिसरातील ४०० सभासदांची एक शेतकरी उत्पादक कंपनी डोळ्यांसमोर ठेवू. तिचे नाव समजा ‘अबक प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’. ती सभासदांचे सोयाबीन आणि तूर एकत्र विकते, खते-बियाणे पुरवते आणि तिच्यावर बँकेचे कर्ज आहे. तिला नावात ‘नारायणगड’ हा शब्द घ्यायचा आहे. हे कसे होईल, त्यात काय अडू शकते आणि नाव बदलल्यावर जुन्या कर्जाचे, करारांचे, परवान्यांचे काय होईल?

नाव बदलते, कंपनी बदलत नाही

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र ‘व्यक्ती’ असते. माणसाने नाव बदलले म्हणून तो दुसरा माणूस होत नाही, तसेच कंपनीचे आहे. नाव बदलल्यानंतरही तिची मालमत्ता, कर्जे, करार, कोर्टातले दावे आणि सभासदांचे शेअर सर्व कायम राहतात. १९५६ च्या जुन्या कंपनी कायद्यातील कलम २३ मध्ये हे स्पष्ट लिहिले होते. न्यायालये आजही हेच तत्त्व मानतात.

याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण जळगाव जिल्ह्यातील अमळनेरचे आहे. तेथे १९४५ मध्ये मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तूप बनवणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही कंपनी सुरू केली. १९७७ मध्ये तिचे नाव विप्रो प्रॉडक्ट्स लिमिटेड झाले आणि पुढे १९८० च्या दशकात विप्रो लिमिटेड. तुपाच्या कंपनीची माहिती-तंत्रज्ञान कंपनी झाली, पण कायद्याच्या नजरेत ती १९४५ साली नोंदलेलीच कंपनी राहिली. त्यामुळे जुन्या नावाच्या काळातली भागधारकांची मालकी नव्या नावातही टिकली.

पुण्याशी नाते असलेल्या टेल्कोचेही तसेच. टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी लिमिटेड हे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स लिमिटेड झाले. अलीकडचे उदाहरण झोमॅटोचे. मार्च २०२५ मध्ये झोमॅटो लिमिटेड या कंपनीचे नाव इटर्नल लिमिटेड झाले, पण जेवण मागवण्याचे ॲप मात्र ‘झोमॅटो’च राहिले. कंपनीचे नोंदणीकृत नाव आणि ग्राहकाला दिसणारा ब्रँड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसते. ‘अबक’ला केवळ तूरडाळीच्या पिशवीवर वेगळे नाव हवे असेल तर कंपनीचे नाव बदलण्याची गरज नाही. त्यासाठी ट्रेडमार्कची नोंदणी पुरते.

आधी बघायची गोष्ट: जुने विवरण भरले आहे का?

नाव बदलण्याची इच्छा असलेल्या अनेक लहान कंपन्या पहिल्याच पायरीवर अडतात. नियम असा आहे की ज्या कंपनीने वार्षिक विवरणपत्र किंवा हिशेबपत्रके निबंधकाकडे दाखल केलेली नाहीत, तिला नाव बदलता येत नाही. मुदत संपलेल्या ठेवी किंवा कर्जरोखे, किंवा त्यांचे व्याज थकवलेल्या कंपनीलाही हीच आडकाठी आहे. थकलेले कागद दाखल केले किंवा थकलेली रक्कम दिली, की मार्ग मोकळा होतो.

ग्रामीण भागातील उत्पादक कंपन्यांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. हिशेबपत्रकांचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ (लहान कंपन्यांसाठी ७ए) हे दोन अर्ज दरवर्षी भरावे लागतात. उशीर झाला तर प्रत्येक अर्जावर रोज १०० रुपये जादा शुल्क लागते. म्हणजे एका वर्षाचे दोन्ही अर्ज वर्षभर रखडले तर जादा शुल्कच ७३,००० रुपये होते. सरकार अधूनमधून सवलत योजना आणते, पण तिची वाट पाहत बसणे धोक्याचे असते, कारण सतत कागद न भरणाऱ्या कंपनीचे नाव निबंधक नोंदवहीतून काढूनही टाकू शकतो. म्हणून नव्या नावाची चर्चा सुरू करण्याआधी मागचे कागद पूर्ण आहेत का हे तपासावे.

कंपनीवर कर्ज असेल तर कर्जाचा करारही वाचावा. नाव बदलण्यापूर्वी बँकेची लेखी संमती घ्यावी, अशी अट अनेक करारांत असते.

कोणते नाव मिळते, कोणते मिळत नाही?

आधीच नोंदलेल्या कंपनीच्या किंवा नोंदणीकृत ट्रेडमार्कच्या नावाशी फार मिळतेजुळते नाव मंजूर होत नाही. किरकोळ फरक करून नाव वेगळे ठरत नाही. नियमांनुसार पुढील बदल पुरेसे मानले जात नाहीत:

- एकवचनाचे अनेकवचन करणे किंवा शब्दांचा क्रम बदलणे
- स्पेलिंग बदलणे, पण उच्चार तोच ठेवणे
- मध्ये जागा, टिंब किंवा जोडरेघ घालणे
- मूळ नावाचे हिंदी किंवा इंग्रजीत पूर्ण भाषांतर करणे
- ज्या नावात गावाचे नाव नाही, त्याला फक्त गावाचे नाव जोडणे

शेवटचा मुद्दा आपल्या उदाहरणाला थेट लागू होतो. दुसऱ्या एखाद्या कंपनीचे नाव ‘कखग प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ असेल, तर ‘कखग नारायणगड प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ हे वेगळे नाव समजले जात नाही. त्या कंपनीच्या संचालक मंडळाने ठराव करून ना-हरकत दिली तर गोष्ट वेगळी. शिवाय नारायणगड हे नाव बीडपुरतेच नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ याच नावाचा किल्ला आहे. त्यामुळे हाच शब्द दुसऱ्या जिल्ह्यातील कंपनीनेही घेतलेला असू शकतो.

नुसते शहराचे, राज्याचे किंवा देशाचे नाव कंपनीला घेता येत नाही. ‘बीड लिमिटेड’ हे नाव त्यामुळे मिळणार नाही. राष्ट्रीय, केंद्रीय, मंडळ, आयोग, प्राधिकरण, पंचायत, राज्यपाल, मुख्यमंत्री अशा अर्थाच्या शब्दांना केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. बँक, विमा, शेअर बाजार अशा शब्दांसाठी संबंधित नियामक संस्थेची मान्यता लागते.

उत्पादक कंपनीला आणखी एक मर्यादा आहे. तिच्या नावाचा शेवट ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ असाच असावा लागतो. नाव लांबलचक वाटते म्हणून हे शब्द गाळता येत नाहीत.

दुसऱ्या कंपनीने नुकतेच सोडून दिलेले नाव लगेच उचलता येत नाही. नाव बदलल्यावर जुने नाव साधारणपणे तीन वर्षे कोणालाही, अगदी त्याच समूहातील कंपनीलाही, दिले जात नाही. अपवाद सक्षम प्राधिकरणाच्या आदेशाचा. २०२५ मध्ये टाटा मोटर्सचे विभाजन झाले तेव्हा जुन्या टाटा मोटर्सचे नाव टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स लिमिटेड झाले आणि व्यावसायिक वाहनांच्या कंपनीला लगेचच टाटा मोटर्स लिमिटेड हे नाव मिळाले. हे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विभाजन योजनेतून घडले.

प्रक्रिया: एकेक पायरी

१. संचालक मंडळाची बैठक. नाव बदलण्याचा निर्णय, पसंतीची नावे आणि अर्ज कोण करणार हे ठरावात लिहिले जाते.

२. नाव राखून ठेवणे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ‘रन’ या सेवेतून अर्ज करतात. शुल्क १,००० रुपये. एका अर्जात पसंतीक्रमाने दोन नावे देता येतात. बदलाचे कारण सांगावे लागते. मंजूर झालेले नाव चालू कंपनीसाठी ६० दिवस राखून ठेवले जाते. नवी कंपनी काढणाऱ्यांना हीच मुदत २० दिवसांची असते.

३. सर्वसाधारण सभा आणि विशेष ठराव. नाव बदलण्याचा अंतिम अधिकार संचालकांना नाही, सभासदांना आहे. साध्या कंपनीत सभेची सूचना २१ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. उत्पादक कंपनीत किमान १४ दिवस आधी. विशेष ठराव मंजूर होण्यासाठी बाजूने पडलेली मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत.

उत्पादक कंपनीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वैयक्तिक सभासद असतील तर शेअर कितीही असोत, प्रत्येकाला एकच मत. आणि नियमावलीत जास्त संख्या नमूद नसेल तर एकूण सभासदांपैकी एकचतुर्थांश सभासद हजर असल्याशिवाय सभा भरत नाही. ‘अबक’चे ४०० सभासद आहेत, म्हणजे किमान १०० जण सभेला यायला हवेत. समजा १२० आले आणि ९० जणांनी होकार, ३० जणांनी नकार दिला, तर ठराव नेमका काठावर मंजूर होतो. एक जरी मत इकडचे तिकडे गेले असते तर तो पडला असता. सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत सभा ठेवली तर गणसंख्याच न भरण्याची शक्यता मोठी. हजर नसलेल्यांच्या सह्या नंतर घरोघरी जाऊन गोळा करणे म्हणजे सभा नव्हे. असा ठराव पुढे वादात सापडला तर सगळी प्रक्रिया अडचणीत येते.

४. ठराव दाखल करणे. विशेष ठराव मंजूर झाल्यापासून ३० दिवसांच्या आत एमजीटी-१४ हा अर्ज निबंधकाकडे भरावा लागतो.

५. नावबदलाचा अर्ज. त्यानंतर आयएनसी-२४ हा अर्ज. सोबत सभेचे इतिवृत्त, बदललेले घटनापत्रक आणि नियमावली जोडतात. दोन्ही अर्जांचे शुल्क कंपनीच्या अधिकृत भांडवलानुसार बदलते. संचालकाची डिजिटल सही लागते. बहुतेक कंपन्या या टप्प्यावर कंपनी सचिव किंवा सनदी लेखापालाची मदत घेतात.

६. नवे प्रमाणपत्र. अर्ज मंजूर झाला की नोंदवहीत जुन्या नावाच्या जागी नवे नाव चढते आणि नवे नोंदणी प्रमाणपत्र मिळते. कायद्यानुसार नाव बदलते ते या प्रमाणपत्राच्या तारखेला. सभेच्या, ठरावाच्या किंवा फलकाच्या उद्घाटनाच्या तारखेला नाही. म्हणून प्रमाणपत्र हाती येण्याआधी नव्या नावाने करार करणे, पावत्या फाडणे किंवा पाटी लावणे टाळावे.

सर्वांत जास्त गडबड ६० दिवसांच्या मुदतीत होते. नाव मंजूर झाल्यावर सभेची सूचना, सभा आणि दोन अर्ज हे सगळे त्यातच बसवायचे असते. आधी नाव मंजूर करून घेऊन मग महिनाभराने सभेचा विचार करणाऱ्यांची मुदत उलटून जाते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

कंपनीच्या नावबदलासाठी राजपत्रात जाहिरात द्यावी लागते असा एक समज आहे. ती पद्धत व्यक्तीच्या नावबदलाची. कंपनीसाठी निबंधकाचे प्रमाणपत्र हाच अधिकृत पुरावा आहे. सहकारी संस्था आणि सार्वजनिक न्यास मात्र कंपनी कायद्यात येत नाहीत. त्यांचे नाव अनुक्रमे सहकार निबंधक आणि धर्मादाय आयुक्त यांच्या कार्यालयामार्फत बदलते.

प्रमाणपत्र मिळाले, आता काय?

येथे काम संपत नाही. प्रत्येक ठिकाणी नवे नाव कळवावे लागते आणि त्याला क्रम आहे.

- पॅन आणि टॅन: सर्वप्रथम पॅनवरील नाव दुरुस्त करावे. क्रमांक तोच राहतो.
- जीएसटी: नोंदणीतील नाव पॅनशी जुळवले जाते, म्हणून पॅननंतर हे करावे. बदल झाल्यापासून १५ दिवसांत कळवणे अपेक्षित असल्याने पॅनचे काम रेंगाळू देऊ नये.
- बँक: प्रमाणपत्र, ठराव आणि नवा पॅन देऊन खात्याचे नाव बदलून घ्यावे. जमा होणाऱ्या रकमा नाव न जुळल्याने अडकू शकतात.
- परवाने: बियाणे, खते, कीटकनाशके, अन्न सुरक्षा, बाजार समिती, उद्यम नोंदणी यांवरील नाव.
- मालमत्ता: कंपनीच्या नावावर जमीन असेल तर तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज. वाहन असेल तर आरटीओकडील नोंद.
- अनुदान: ‘स्मार्ट’सारख्या प्रकल्पात किंवा केंद्राच्या दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेत सहभागी कंपनीने संबंधित कार्यालयाला लेखी कळवावे. अनुदानाचा हप्ता यायच्या बेतात असताना नाव बदलले तर मंजुरीपत्रावर एक आणि खात्यावर दुसरे नाव दिसते. शक्य असेल तर हप्ता आल्यावर प्रक्रिया सुरू करणे सोयीचे.

फलकाचाही नियम आहे. कंपनीने आपले नाव प्रत्येक कार्यालयाबाहेर ठळक लावायचे असते आणि ते त्या भागातील वापराच्या लिपीतही हवे. म्हणजे बीडमध्ये इंग्रजीबरोबर देवनागरीत. तसेच नाव बदलल्यानंतर दोन वर्षे फलक, पत्रशीर्ष, बिले यांवर नव्या नावासोबत जुने नावही द्यावे लागते. नियम मोडल्यास रोज १,००० रुपये याप्रमाणे कमाल एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उधारी देणारा व्यापारी, माल घेणारा ग्राहक, कर्ज देणारी बँक यांना आपण त्याच कंपनीशी व्यवहार करत आहोत हे कळावे, हा त्यामागचा हेतू आहे.

शहराचे नाव बदलले तर?

औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर. नावात जुने शहर असलेल्या कंपन्यांची नावे त्यामुळे आपोआप बदलत नाहीत. बॉम्बेचे मुंबई १९९५ मध्ये झाले, तरी बॉम्बे डाइंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी लिमिटेड हे नाव कायम आहे. बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज लिमिटेडने मात्र २०११ मध्ये रीतसर प्रक्रियेने बीएसई लिमिटेड हे नाव घेतले. ठेवायचे की बदलायचे हे कंपनीने ठरवायचे.

सक्तीने नाव बदलावे लागते तेव्हा

चुकून दुसऱ्या कंपनीशी मिळतेजुळते नाव नोंदले गेले, तर केंद्र सरकार ते बदलण्याचा आदेश देऊ शकते. ट्रेडमार्कचा मालकही तीन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. आदेशानंतर तीन महिन्यांत नाव बदलले नाही तर सप्टेंबर २०२१ पासून लागू असलेल्या नियमानुसार सरकारच कंपनीला नवे नाव देते. त्यात ‘आदेश पाळला नाही’ या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे, वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा ओळख क्रमांक असतो. असे नाव घेऊन बाजारात किंवा बँकेत उभे राहणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही.

गुंतवणूकदारांनी आणि शेतकऱ्यांनी काय पाहावे?

१९९९-२००० च्या सुमारास शेअर बाजारात माहिती-तंत्रज्ञानाची लाट होती, तेव्हा अनेक कंपन्यांनी नावात ‘सॉफ्टवेअर’, ‘इन्फोटेक’ असे शब्द जोडले. आज बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीच्या अटी पाळाव्या लागतात. आधीच्या नावबदलाला किमान एक वर्ष झालेले असावे लागते. शिवाय नव्या नावातून सूचित होणाऱ्या व्यवसायातून मागील वर्षात किमान ५० टक्के महसूल आलेला असावा किंवा मालमत्तेच्या ५० टक्के इतकी रक्कम त्यात गुंतवलेली असावी.

लहान कंपन्यांबाबत हे तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे सीआयएन हा २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. त्यात राज्य, नोंदणीचे वर्ष आणि कंपनीचा प्रकार दडलेला असतो. केवळ नाव बदलल्याने तो साधारणपणे बदलत नाही. म्हणून ‘नवी कंपनी’ म्हणून कोणी ठेवी, शेअर किंवा माल मागत असेल तर मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सीआयएन टाकून पाहावा. नोंदणीचे वर्ष जुने असेल तर आधीचे नाव काय होते आणि त्या नावावर किती देणी आहेत, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. जुन्या नावाने घेतलेले कर्ज नव्या नावाने फेडावेच लागते. आणि जुन्या नावाने शेतकऱ्याच्या मालाचे पैसे थकवले असतील, तर तेही नव्या नावाकडून मागता येतात.